पाहुणे वडील
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आम्ही उभयता दुबईस अध्यापन करीत असता, सन २०१८ च्या सप्टेंबरात आमचे वडील नाशिकहून आमच्याकडे आले. जन्मभर द्राक्षमळ्यात राबलेले ते हात! त्यांस सुख व्हावे म्हणून आम्ही त्यांस काडीही उचलू दिली नाही. प्रातःकाळी आम्ही शाळेत जात असू. बाहेर ऊन असह्य. तिसऱ्या प्रहरापर्यंत ते एकटेच खिडकीशी बसून राहत.

२०२२ पूर्वी त्या देशी सुटी शुक्रवारी असे. म्हणून मिस्सेस जाणेही शुक्रवारीच घडे. शेख रशीद यांनी दिलेल्या भूमीवर १९६७ साली स्थापन झालेल्या संत मरियेच्या देवालयात आम्ही त्यांस नेले. मिस्सा आटोपताच ते आपण होऊन बाके सरळ लावू लागले. आम्ही संकोचून त्यांचा हात धरला. तेव्हा ते म्हणाले, "पोरांनो, पाहुणचार पुष्कळ झाला, आता काही काम द्या."

आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढल्याच आठवड्यात, ऑक्टोबरची छाटणी जवळ आली, असे सांगून ते परतले. छाटणीस धाकटे बंधू समर्थ होते, हे त्यांस ठाऊक होते आणि आम्हांसही.

वडिलांस आम्ही पाहुणे केले, हा आमचा अपराध. चौथी आज्ञा आपण सारे जाणतो. आपल्या घरी वृद्ध मातापिता असतील, तर त्यांस भाजी निवडू द्या, नातवंडांस जपमाळ शिकवू द्या. ज्याच्यावाचून घराचे अडते, त्यालाच ते घर आपले वाटते.