पावलें मोजणाऱ्या मोटरीचा सारथी
आज मी ज्या मोटरीविषयीं बोलणार आहें, ती इतर मोटरींसारखी अखंड धांवत नाहीं. पावलें मोजीत चालते. तिला स्टेपर मोटर म्हणतात. बहुधा तिचें एक पाऊल १.८ अंशांचें, म्हणजे एका फेऱ्यास २०० पावलें असतात. घरगुती त्रिमिति मुद्रणयंत्रांत हीच मोटर असते. एखादें पाऊल चुकलें, तर साध्या यंत्रास त्याचा पत्ताही लागत नाहीं. पुढचें सारें काम तेवढ्यानें सरकतें. म्हणून तिचा सारथी, म्हणजे तिला प्रवाह पुरविणारें मंडल, पारखून घ्यावें लागतें.

द्विध्रुवी मोटरींत दोन वेटोळीं असतात. प्रत्येकांतील प्रवाह उलटसुलट फिरवावा लागतो. त्यासाठीं चार विद्युत्-कळांचा एक सेतु, असे दोन सेतु लागतात.

नवशिका फसतो तो पुढें. समजा, मोटरीवर १.५ अँपियर लिहिलें आहे आणि वेटोळ्याचा रोध २ ओहम आहे. गुणाकार ३ व्होल्ट येतो, म्हणून तो ३ व्होल्टच जोडतो. परंतु वेटोळ्याच्या प्रवर्तकतेमुळें प्रवाह एकदम चढत नाहीं. ती ३ मिलिहेन्री धरली, तर सेकंदास १००० पावलांच्या वेगांत, एका पावलाच्या अवधींत, प्रवाह शून्यापासून जेमतेम निम्मा चढतो. बळ घटतें, पाऊल चुकतें. तेथें २४ व्होल्ट दिले, तर पूर्ण प्रवाह सुमारें ०.२ मिलिसेकंदांत येतो. मात्र तो पुढें वाढून वेटोळें जाळूं नये, म्हणून मर्यादा गांठतांच पुरवठा तोडणारें आणि प्रवाह घटतांच पुन्हा जोडणारें ‘चॉपर’ मंडल हवें.

एल २९८ हें जुनें मंडल एका अँपियरला दोनतीन व्होल्ट स्वतःच खातें. त्याची उष्णता होते. शिवाय तें प्रवाह आपोआप आवरीत नाहीं. ए ४९८८ सारखें मॉसफेटचें मंडल ३५ व्होल्टपर्यंत चालतें, प्रवाह आवरतें आणि तेवढ्याच प्रवाहाला पुष्कळ कमी तापतें.

तेव्हां निवड करतांना मोटरीचा प्रवाह पाहावा, पुरवठ्याचा दाब पाहावा आणि उष्णता कोठें जाणार तें पाहावें. आणखी एक सूचना : वीज चालूं असतांना मोटरीची तार कधींही काढूं नये. वेटोळ्यांतील प्रवाह अकस्मात् तुटला कीं दाब उसळतो व मंडल निकामी होऊं शकतें. हा धडा मी स्वतः एक मंडल गमावून शिकलों आहें; आपण तो फुकट घ्यावा.