ख्रिस्टी रिंग : आठ पदकें आणि एक पराभव



खेळाडूची थोरवी त्याच्या पदकांवरून मोजावी, असें आपण सहज म्हणतों. आज ज्या खेळाडूविषयीं मी बोलणार आहें, त्याला पदकांची वाण नव्हती. तथापि त्याच्याविषयींचा आदर लोकांनीं पाहिला तो एका पराभवाच्या दिवशीं.

त्याचें नांव ख्रिस्टी रिंग. आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क परगण्यांत, क्लॉइन गांवाजवळ, १९२० सालीं तो जन्मला. त्याचा खेळ हर्लिंग. ऍश झाडाच्या लांकडाची, टोंकाशीं रुंद व चपटी काठी घेऊन पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ हा खेळ खेळतात. हॉकींतील चेंडू बहुधा जमिनीलगत धांवतो. हर्लिंगमधील चेंडू अधांतरीं टोलवितां येतो, हातानें झेलतां येतो, काठीच्या पात्यावर तोलून घेऊन पळतांहि येतें. चेंडू जाळ्यांत गेला तर तीन गुण. खांबांमधून आडव्या दांडीवरून गेला तर एक.

या खेळांत खेळाडूस वेतन नाहीं. रिंग तेलाची मालमोटार चालवून चरितार्थ चालवीत असे. १९४१ सालीं तो कॉर्क शहरांतील ग्लेन रोव्हर्स या क्लबांत आला, आणि १९६७ सालीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षींहि, त्याच क्लबाकडून खेळत होता. कॉर्कच्या संघानें १९४१ ते १९४४ अशीं सलग चार वर्षें अखिल आयर्लंडचें अजिंक्यपद जिंकलें, त्या चारहि वेळां तो संघांत होता. पुढें १९४६, १९५२, १९५३ व १९५४ मिळून त्याचीं आठ पदकें झालीं. त्यांपैकीं तीन वेळां तो कर्णधार होता.

नववें पदक मिळण्याची संधि १९५६ च्या सप्टेंबरांत आली. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. प्रतिस्पर्धी वेक्सफर्ड. सामना संपत आला असतां रिंगनें गोलावर जोराचा फटका मारला. पण वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली यानें तो अडविला. थोड्याच वेळांत दुसऱ्या टोंकास निकी रॅकर्डनें गोल केला आणि कॉर्कचा पराभव निश्चित झाला.

सामना संपतांच जें घडलें तें विलक्षण होतें. वेक्सफर्डचे निक ओडॉनेल व बॉबी रॅकर्ड यांनीं आपला जयघोष बाजूस ठेवून हरलेल्या रिंगला खांद्यावर घेतलें! ज्यांनीं त्याला दिवसभर रोखून धरलें, त्यांनाच त्याची योग्यता सर्वांत अधिक कळली होती.

नववें पदक त्याला कधींच मिळालें नाहीं. २ मार्च १९७९ रोजीं तो वारला, तेव्हां त्याचा जुना सहकारी खेळाडू आणि त्या वेळचा आयर्लंडचा पंतप्रधान जॅक लिंच यानें त्याच्या समाधीपाशीं भाषण केलें. २०१२ सालीं किल्केनीच्या हेन्री शेफ्लिननें नऊ पदकें मिळवून आठांचा तो विक्रम मागें टाकला. आंकडे असेच ओलांडले जातात. प्रतिपक्षाच्या खांद्यावर बसण्याचा मान मात्र त्या दिवशीं रिंगनें हरूनच मिळविला, आणि तो कोणत्याहि कोष्टकांत नोंदलेला नाहीं.