परदेशातील पहिले दिवस : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या प्रवासाचा बोध

(संघाच्या वार्षिक संमेलनात कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांना चार शब्द सांगण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. माझे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात गेले, आणि परदेश मी नकाशातच पाहिला. परंतु आपल्या ज्ञातीतील मुले-मुली आता एकेकटी उच्च शिक्षणासाठी सातासमुद्रापार जाऊ लागली आहेत, आणि अशा मुलींना संघाच्या विद्यानिधीतून साह्य द्यावे की नाही, याविषयी आपल्यात दोन मते आहेत हे आपण जाणताच. "मुलगी एकटी जाणार असेल तर निधी देऊ नये, विवाह होऊन पतीसह जात असेल अथवा तिकडे सख्खा नातलग असेल तरच द्यावा," अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या मनात मुलींविषयी काळजीच आहे, याबद्दल मला शंका नाही. त्या काळजीचा विचार करताना मला या कोल्हापूरशी निगडित असलेली एक जुनी हकीकत आठवली. ती आपणांपुढे ठेवतो.

ही हकीकत डॉ. आनंदीबाई जोशी यांची. त्यांचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली निघाल्यापासून तर त्या घरोघरी पोहोचल्या. कादंबरीतील संवाद म्हणजे इतिहास नव्हे, हे ध्यानात ठेवून मी केवळ नोंदलेल्या गोष्टींच्या आधारे बोलणार आहे. आणि त्यांतही त्यांच्या पदवीपेक्षा त्यांच्या प्रस्थानाविषयी व परदेशातील आरंभीच्या दिवसांविषयी अधिक बोलणार आहे. कारण पदवीचे कौतुक सर्वजण करतात. ती ज्या दिवसांवर उभी राहिली त्यांचा विचार फारसा होत नाही.

प्रथम त्या काळचे कोल्हापूर डोळ्यांपुढे आणा. १८७० साली आपले तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेस गेले. ते राजे होते, बरोबर परिवार होता. तरीही परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांचा अंत्यविधी झाला आणि तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. या घटनेला आठ वर्षेही झाली नव्हती, अशा वेळी टपाल खात्यातील एक नोकर गोपाळराव जोशी आपल्या लहान वयाच्या पत्नीसह या शहरात राहत होते. पत्नीला शिकवावे हा त्यांचा ध्यास. १८७८ साली त्यांनी, पत्नीला अमेरिकेत शिक्षणाची सोय होईल काय, अशी विचारणा करणारे पत्र लिहिले. ते वाइल्डर या मिशनऱ्यांकडे पोहोचले. वाइल्डर पुष्कळ वर्षे कोल्हापुरात काढून स्वदेशी परतले होते. त्यांनी प्रिन्स्टन येथून निघणाऱ्या आपल्या मासिकात ते पत्र छापले, आणि जोडप्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा असे सुचविणारे उत्तरही छापले. गोपाळरावांना तो मार्ग नको होता. प्रकरण तेथेच संपले असे वाटले.

परंतु १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तेथे पडलेले ते मासिक त्यांच्या हाती आले. एका हिंदू मुलीला शिकावयाचे आहे एवढेच वाचून त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले. त्यातून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो तीन वर्षे अखंड चालला. त्या पत्रांत घरच्या चालीरीती, बालविवाह, स्त्रियांचे आरोग्य, सण आणि स्वयंपाक असे सर्व विषय येत. आनंदीबाईंची प्रकृती बरी नसते हे कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठविली, आणि या मुलीला आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी दर्शविली. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. न पाहिलेल्या परदेशी बाईला मावशी म्हणावयाचे, यात आपल्या मराठी घराचा सारा स्वभाव आला. माझ्या मते आनंदीबाईंचे परदेशातील पहिले दिवस सुरू झाले ते या पत्रांत. बोटीवर पाय ठेवण्याच्या तीन वर्षे आधी.

पुढे गोपाळरावांची बदली होत होत ती उभयता बंगालमध्ये सेरामपूर येथे आली. अमेरिकेस जाण्याचा बेत ठरताच लोकांत चर्चा उसळली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी उभे राहून इंग्रजीत भाषण केले. वय सतरा. लोक जे पाठीमागे विचारीत होते ते त्यांनी स्वतःच समोर मांडले. मी अमेरिकेस का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का जाते? परत आल्यावर ज्ञाती मला बहिष्कृत करील काय? तेथे संकट आले तर काय करीन? कोणा स्त्रीने आजवर केले नाही ते मी का करावे? अशा सहा प्रश्नांना त्यांनी क्रमाने उत्तरे दिली.

आपल्या आजच्या वादाचा प्रश्न यांतील तिसरा. "एकटीच का?" याचे त्यांनी दिलेले उत्तर मोठे साधे आहे. घरातील वडीलधाऱ्या व लहान माणसांचा भार पतीवर होता, आणि दोघांच्या प्रवासाला पुरेल इतका पैसा नव्हता. एकटीने जाण्यात त्यांना काही मिरवावयाचे नव्हते. सोबत नाही म्हणून विद्या सोडावी, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. बहिष्काराच्या भीतीने त्या डगमगल्या नाहीत. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असे त्यांनी भरसभेत सांगितले. त्या काळी समुद्रपर्यटन करून आलेल्या पुरुषांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागे, हे स्मरले म्हणजे या शब्दांचे वजन कळते.

७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीने त्या कलकत्त्याहून निघाल्या. अठरावे वर्ष पुरे होऊन आठवडाच झाला होता. बोटीवर मिशनरी स्त्रियांची सोबत होती. म्हणून कोणी म्हणेल की त्या एकट्या कोठे होत्या? परंतु आपली भाषा बोलणारे, आपले अन्न शिजविणारे, आपल्या कपाळावरील कुंकवाचा अर्थ जाणणारे माणूस जवळ नसणे, हेच खरे एकटेपण होय. त्यांनी मांसाहार न करण्याचा नेम ठेवला, पोशाख आपलाच ठेवला, धर्म आपलाच ठेवला. इंग्लंडात बोट बदलून त्या ४ जून १८८३ रोजी न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. निघाल्यापासून ५८ दिवस लोटले होते. आज मुंबईहून विमानात बसलेला विद्यार्थी हे अंतर एका दिवसात तोडतो आणि उतरताच आईला दूरध्वनी करतो. आनंदीबाईंना घरी पत्र पाठवून उत्तर मिळावयास महिने लागत.

धक्क्यावर कार्पेंटरबाई स्वतः त्यांना घेण्यास आल्या होत्या. मित्रहो, त्या क्षणाचा विचार करा. अनोळखी देश, अनोळखी गर्दी, आणि त्या गर्दीत आपले नाव ठाऊक असलेले एक माणूस! तेथून त्या रोझेलला मावशीच्या घरी गेल्या आणि उन्हाळाभर तेथेच राहिल्या. त्या अवधीत त्यांनी तेथील रीती पाहिल्या, घरातील मुलींशी मैत्री केली, आपले पदार्थ करून घातले. पुढे थंडीचा विचार करून नऊवारी लुगडे सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. सोय पाहिली, परंतु आपलेपण टाकले नाही. नंतर शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना आस्थेने प्रवेश दिला व शिष्यवृत्तीची व्यवस्था झाली. परक्या भूमीवरचे पहिले महिने कुटुंबात गेले आणि मगच अभ्यासाचा डोंगर पुढे आला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढचे आपण जाणता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच १८८६ साली कलकत्त्यास कादंबिनी गांगुली वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाल्या, हेही आपण अभिमानाने सांगावे. आपल्या कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून नेमले. ते रुग्णालय म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपल्या तोंडचे 'सीपीआर'. ज्या गावातून ते पहिले पत्र गेले त्याच गावाने त्यांना मानाने बोलाविले! परंतु तिकडील थंडी, मानवत नसलेले अन्न आणि अतिश्रम यांनी प्रकृती खचली होती. क्षयाने त्यांना गाठले. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय एकवीस. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यू यॉर्क प्रांतात पोकिप्सी येथे मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली आहे.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, तुमच्या हकिकतीने आमचाच पक्ष सिद्ध झाला. मुलगी गेली आणि जिवाला मुकली." या आक्षेपाला बगल देणे योग्य नाही. आनंदीबाईंचा अंत दुःखद झाला, हे खरे. परंतु त्यांची प्रकृती जाण्यापूर्वीच नाजूक होती, आणि क्षयावर त्या काळी जगात कोठेही औषध नव्हते. पती बरोबर असता तर थंडी कमी झाली नसती. राजाराम महाराजांबरोबर तर परिवार होता. तेव्हा धोका एकटेपणात आहे असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. प्रकृतीची हयगय, मानवत नसलेले अन्न, दुखणे मनात ठेवण्याची सवय, या खऱ्या धोक्याच्या जागा आहेत. आणि त्या मुलग्यांनाही तितक्याच लागू आहेत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी जर्मनीस शिकावयास गेली. परत आल्यावर तिने सांगितले, "गुरुजी, अभ्यास कठीण नव्हता. पहिले पंधरा दिवस कठीण होते. दुकाने रविवारी बंद असतात हे ठाऊक नव्हते, म्हणून पहिल्या रविवारी उपाशी राहिले. घरी सांगितले नाही, कारण आई रडली असती." या चार वाक्यांत आपल्या संघाला करण्यासारखे सर्व काम आले आहे.

हे काम कोल्हापूरला नवीन नाही. खेड्यातील मुलगा या शहरात शिकावयास येई तेव्हा राहावे कोठे, जेवावे कोठे, हा त्याचा पहिला प्रश्न असे. राजर्षी शाहू छत्रपतींनी हे ओळखले. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने येथे मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या व इतर अनेक समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. मुलाला नुसती फीमाफी देऊन भागत नाही, त्याला परक्या गावी हक्काचे छप्पर व ओळखीचा चेहरा लागतो, हे त्या राजाला कळले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. १९२० साली ते अपुरा अभ्यास पुरा करण्यास पुन्हा इंग्लंडला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना साह्य केले. परदेशी जाणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे ही या भूमीची रीत आहे.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र विनंती अशी. विद्यानिधीच्या नियमांत मुलगा व मुलगी असा भेद करू नये, आणि विवाहाची अट घालू नये. गुणवत्ता व गरज पाहावी. त्याऐवजी परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातिबांधवांची देशवार व शहरवार यादी करावी, आणि त्यांतील जे राजी असतील त्यांनी नव्या विद्यार्थ्यास पहिला आठवडा घरी ठेवून घ्यावे. जाण्यापूर्वी काही महिने विद्यार्थ्याचा त्या कुटुंबाशी परिचय करून द्यावा. रोझेलच्या मावशीने जे परधर्मी, परदेशी असून केले, ते आपल्याच माणसांनी आपल्याच लेकरांसाठी करणे जड जाऊ नये. प्रस्थानापूर्वी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

आईबापांनाही एक सांगावेसे वाटते. पहिल्या दिवसांत मुलांना गुण विचारू नका; जेवलीस का, झोप लागली का, कोणी बोलावयास आहे का, हे विचारा. आणि मुलीने "मला कठीण जाते" असे म्हटले, तर "तरी आम्ही सांगत होतो" हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. त्या एका वाक्याने ती पुढचे दुखणे लपविण्यास शिकते.

विद्यार्थ्यांनो, आपण जेथे जाल तेथे आपली भाषा, आपला आहार, आपले संस्कार शक्य तितके सांभाळा. परंतु थंडीत अंग झाकण्यास लाजू नका. अडचण मनात ठेवू नका. लोक जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरे आनंदीबाईंप्रमाणे आधी स्वतःशी तयार ठेवा. आणि विद्या घेऊन परतलात, अथवा तेथेच स्थिरावलात, तर पुढे येणाऱ्या नव्या मुलाला घ्यावयास धक्क्यावर, म्हणजे आता विमानतळावर, अवश्य जा.

विद्यानिधीचा निर्णय उदार मनाने व्हावा अशी प्रार्थना करतो.