पटाच्या कडेचा आकडा



हल्ली मोबाइलच्या पडद्यावर बुद्धिबळाचा डाव तपासू लागले, की पटाच्या कडेला एक आकडा दिसतो. आमच्या शेजारचा एक विद्यार्थी परवा हा खेळच सोडावयास निघाला होता. कारण विचारले, तर म्हणाला, "शाळेच्या स्पर्धेत मी जिंकलेला डाव घालवला. घरी येऊन तपासला, तर मला अधिक एक होता!" आम्ही विचारले, "अधिक एक म्हणजे काय?" तो म्हणाला, "एका प्याद्याची आघाडी. सगळेच म्हणतात."

हा आकडा देणारे इंजिन होते स्टॉकफिश. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला मासा. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या 'ग्लाउरुंग' या इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी ते २००८ साली तयार केले. मासा नॉर्वेचा, शिजला इटलीत, म्हणून हे नाव! त्याचा परवाना असा की, ते कोणीही घ्यावे, बदलावे, विकावेसुद्धा. मात्र पुढे देताना मूळ कोड आणि हीच मोकळीक घेणाऱ्यास दिली पाहिजे.

पण कोड उघडा असला, तरी तो वाचता येणारे किती? आम्हांला तर मुळीच येत नाही. आमच्यासारख्यांसाठी इंजिनाची माहितीपत्रे असतात. ती घेऊन आम्ही त्या मुलासह बसलो, आणि निराळेच निघाले.

२०२० साली बाराव्या आवृत्तीत या इंजिनात न्यूरल जाळे आले. पूर्वीची प्याद्याच्या मोलाने मोजण्याची रीत त्यानंतर नीट लागू पडेना. म्हणून डिसेंबर २०२२ मधल्या १५.१ या आवृत्तीपासून आकड्याचा अर्थच नव्याने ठरविण्यात आला. अधिक एक म्हणजे, तिथून स्टॉकफिश स्वतःशीच खेळले, तर वरचढ बाजू शंभरांतले सुमारे पन्नास डाव जिंकेल. उरलेले बहुतेक बरोबरीत सुटतील. तीच पत्रे आणखी सांगतात की, एकाच वेळी अनेक चांगल्या खेळी दाखवावयास लावल्या, तर इंजिनाचे बळ घटते. स्वतःच्या मालाची उणी बाजू ग्राहकाला इतक्या सरळपणे सांगणारी दुकाने आम्ही फार पाहिलेली नाहीत.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्या यंत्रालासुद्धा तो डाव निम्म्या वेळा जिंकता आला नसता?" आम्ही म्हटले, "होय. आणि तू तर बाराव्या वर्षाचा आहेस." तो हसला, आणि पट मांडू लागला.

श्रोतेहो, यंत्राचा निवाडा आपण ऐकतो, पण त्याचा अर्थ विचारीत नाही. तो अर्थ कोणीतरी कष्टाने लिहून ठेवलेला असतो. ही पत्रे सोप्या मराठीत उतरविण्याचे काम आपल्यापैकी एखाद्याने अंगावर घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. खेळ सोडावयास निघालेली मुले इतर गावांतही असतील.