वासराचे बाळपण

नांदेडजवळच्या माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी किंवा लातूरकडचा देवणी बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो. त्याचे बाळपण कसे गेले, हे मात्र कुणी विचारीत नाही. ते विचारायला हवं. ह्यूबेल व वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६३ साली दाखवून दिले, की मांजराच्या पिलाचा एक डोळा पहिले काही आठवडे बंद ठेवला, तर पुढे त्या डोळ्याने त्याला जवळजवळ दिसत नाही; मोठ्या मांजराचे तसे होत नाही. वासराच्या भीतीचंही काहीसं असंच आहे. लहानपणी माणसाचा मायेचा हात लागला, तर ते मोठेपणी कमी बुजतं. म्हणून वासराला रोज घटकाभर खाजवा, हाक मारा. नाहीतर बैल औतासकट उधळतो अन् चाबूक खातो. दोष मात्र त्याचा एकट्याचा नसतो.