कुत्रं का भुंकलं नाही?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी भांडी घासत असाल, कुणी गुरांना वैरण टाकून नुकत्याच टेकल्या असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आधी एक विचारते. तुम्ही शेतातून घरी आलात. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सरकलंय आणि साय गायब. पोराच्या नावानं ओरडायच्या आधी तुमची नजर घरभर फिरते. खाली दुधाचे थेंब आहेत का, चुलीच्या राखेत पंजा उमटलाय का, मांडणीतला एखादा चमचा ओला आहे का. पंजा दिसला तर मांजर, चमचा ओला असला तर धाकटा! हे तुम्हाला कुणी शाळेत शिकवलं नाही. पण गुप्तहेर जे करतो ते हेच. हेच कसब पोरांच्या वाचनात कसं आणायचं, ते आज सांगणार आहे.

माझी लेक सहावीत होती तेव्हाची गोष्ट. धडा घडाघडा वाचायची, शेजारच्या बाया कौतुक करायच्या. एकदा सहज विचारलं, "काय झालं गं या गोष्टीत?" तर म्हणाली, "थांब, परत बघून सांगते." नुकताच वाचलेला धडा, आणि हाती काही लागलं नव्हतं. डोळे ओळीवरून धावत होते, डोकं मागंच राहिलं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. मनात म्हटलं, हिला मी काय शिकवणार? आपल्या गटातल्या कितीतरी जणी हेच म्हणतात, "ताई, मला नीट वाचता येत नाही, मी पोराचा अभ्यास काय घेणार?" त्या प्रत्येकीसाठी आजचं बोलणं आहे.

त्या पावसाळ्यात लेकीनं वाचनालयातून शेरलॉक होम्सच्या गोष्टींचं पुस्तक आणलं. आर्थर कॉनन डॉइल नावाच्या डॉक्टरनं इंग्लंडात या गोष्टी लिहिल्या. रोग्याकडे नुसतं बघून त्याचा धंदा ओळखणारे एक शिक्षक त्याला कॉलेजात होते, त्यांच्यावरून त्याला होम्स सुचला. भालबा केळकरांनी होम्सच्या गोष्टी मराठीत आणल्या आहेत. त्यातली १८९२ सालची एक गोष्ट सांगते. तुम्हीही मनात तपास करा.

इंग्लंडात डार्टमूर नावाचा ओसाड माळ आहे. तिथं शर्यतीच्या घोड्यांची एक पागा. त्यातला सिल्व्हर ब्लेझ हा घोडा मोठी शर्यत जिंकणार, असं सगळे म्हणत होते. शर्यतीच्या काही दिवस आधी, रात्रीतून घोडा नाहीसा झाला. घोड्याला तयार करणारा माणूस माळावर मरून पडलेला सापडला, डोकं फुटलेलं. त्याच्या एका हातात छोटी नाजूक सुरी, मोतीबिंदू काढायला डॉक्टर वापरतात तसली. दुसऱ्या हातात एक गळपट्टा. आदल्या संध्याकाळी शहरातला एक अनोळखी माणूस पागेपाशी आला होता, घोड्याची माहिती काढत होता, पैसे देऊ करत होता. गळपट्टा त्याचाच निघाला. पोलिसांनी त्याला धरलं.

आता बारीकसारीक ऐका. रात्री पागेत राखण करणाऱ्या पोराला मोलकरणीनं जेवण नेऊन दिलं. मटणाचा मसालेदार रस्सा होता. त्यात अफूची पूड होती, पोरगा गाढ झोपला. घरातल्या बाकीच्यांनीही तोच रस्सा खाल्ला, त्यांना काही झालं नाही. पागेत एक कुत्रा होता. माळ्यावर आणखी दोन पोरं झोपली होती. रात्री कुणीतरी येऊन घोडा बाहेर काढला, पण त्या दोघांना जाग आली नाही. आणि शेजारच्या कुरणातली तीन मेंढरं काही दिवसांपासून लंगडत होती.

कोण असेल?

लेक इथपर्यंत वाचून म्हणाली, "तो शहरातला माणूस. गळपट्टा सापडलाय की." मलाही तसंच वाटलं. माझ्या सासूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, "अफू कडू असती. वरणात घातली तर पहिल्या घासाला कळंल. झणझणीत रश्श्यातच खपंल ती. त्या दिवशी रस्सा करायचा हे कुणी ठरवलं? परका माणूस येऊन थोडाच सांगणार, आज मटण करा म्हणून?"

आम्ही दोघी बघतच राहिलो. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "आन् कुत्रं का भुकलं नाही गं? परकं माणूस आलं असतं तर माळ्यावरची पोरं उठली असती."

मैत्रिणींनो, होम्सनं नेमकं यावरूनच गुन्हेगार ओळखला. कुत्रं भुंकलं नाही, कारण येणारा रोजच्या ओळखीचा होता. रस्सा घरातूनच ठरला होता, म्हणून परका माणूस सुटला. घोडा बाहेर काढला तो त्याला तयार करणाऱ्यानंच. त्याच्यावर कर्ज होतं. घोड्याच्या पायाची शीर हळूच कापायची, तो लंगडला की शर्यत हरेल, आणि त्यावर पैसे मिळवायचे, असा त्याचा डाव. हात बसावा म्हणून आधी मेंढरांवर सराव केला होता. सुरी त्यासाठीच होती. घोडा बिथरला, त्यानं लाथ मारली आणि त्यातच तो मेला. गळपट्टा परक्या माणसाचा वाटेत पडला होता, यानं उचलला होता इतकंच.

मी शेवट सांगितला, पण तुम्ही पोरांना आधी सांगू नका हं. त्यांची मजा जाईल.

त्या रात्री लेक अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "आई, त्या पोराचंपण असंच झालं ना?" कुठला पोरगा ते मला लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वर्गातले सहलीचे पैसे हरवले होते. वर्गात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता, हंगामापुरता शाळेत बसलेला. सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. का? तर तो बाहेरचा, आणि त्याच्या पायात चप्पल नाही. लेकीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा चुलीपुढं बसून मीही म्हणाले, "असंल, त्यानंच घेतले असतील." आठवड्यानं पैसे हजेरीच्या जुन्या वहीत सापडले. तोवर तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला होता. पुढं टोळी दुसऱ्या गावाला गेली. त्याला कुणी सांगितलंही नाही, की बाळा, तुझी चूक नव्हती.

त्या दिवशी आमच्यातल्या एकीनं तरी विचारायला हवं होतं, "कशावरून?" म्हणून मी म्हणते, रहस्यकथा हा नुसता फावल्या वेळचा खेळ नाही. संशय वेगळा आणि पुरावा वेगळा, हे पोराला गोष्टीत कळलं, तर उद्या गावात कळेल. पोराला कळलं तर आपल्यालाही कळेल.

आता हे घरी कसं करायचं? मी करते तसं सांगते.

पहिलं म्हणजे, वाचायचं पोरानं, ऐकायचं आपण. शब्द अडखळला तर लगेच टोकू नका, गोष्टीचा धागा तुटतो. रोज एकच भाग वाचायचा, आणि अगदी रंगात आलं की पुस्तक मिटायचं. मग तीनच प्रश्न. काय दिसलं? तुला काय वाटतं? कशावरून वाटतं? हे तीन प्रश्न विचारायला वाचता यावं लागत नाही.

दुसरं, एक तपासवही करायची. जुन्या वहीची कोरी पानं चालतील. पानावर तीन रकाने, त्याच तीन प्रश्नांचे. "गळपट्टा सापडला" हे पहिल्या रकान्यात. "त्यानंच मारलं" हे दुसऱ्या. आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं, तिथं पोरगं अडतं. अडू द्या. तिसरा रकाना रिकामा असेल तर दुसरा कच्चा, एवढं ठरवून टाका. पुढं नवीन काही कळलं की मागचं खोडायला मोकळीक द्यायची. मत बदललं म्हणून हसायचं नाही.

तिसरं, जमिनीवर खडूनं नाहीतर रांगोळीनं जागेचा नकाशा काढायचा. पागा इथं, घर तिथं, माळ पलीकडं. कोण कधी कुठं होतं, ते दाखवायला चिंचोके ठेवायचे. लहान भावंडंसुद्धा यात रमतात.

चौथं, चकवा ओळखायचा. रानात माणसाला चकवा लागतो, तो त्याच त्या जागी फिरत राहतो, असं आपल्या आज्या सांगत. रहस्यकथा लिहिणाराही मुद्दाम चकवा ठेवतो. इथं तो गळपट्टा होता. पोराला विचारा, "लेखक आपल्याला कुणाकडं बघायला लावतोय? मग आपलं लक्ष कुणाकडं गेलं नाही?" आणि जे घडलं त्याच्या जोडीला जे घडायला हवं होतं पण घडलं नाही, तेही विचारा. न भुंकलेलं कुत्रं तिथंच सापडतं.

पाचवं, शेवटचा भाग वाचायच्या आधी घरातल्या प्रत्येकानं आपल्या संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडाच्या कानात सांगायचं, ते लिहील. गोष्ट संपली की डबा उघडायचा. कुणाचं चुकलं, कुणाचं बरोबर, यापेक्षा नंतरचं काम मोठं आहे. मागची पानं परत उघडून शोधायचं, खूण कुठं होती आणि आपण ती कशी ओलांडून गेलो. माझ्या लेकीला वाचनाची गोडी लागली ती या दुसऱ्या वाचनात. आता धड्यातलं काही विचारलं तर ती म्हणते, "थांब, कशावरून ते दाखवते."

पुस्तकं कुठली घ्यायची? मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा बनेश फेणे, काटकुळा, सायकलवर फिरणारा, पोरांना आपल्यातलाच वाटतो. सत्यजित राय यांनी १९६५ साली बंगालीत सुरू केलेल्या फेलूदाच्या गोष्टीही मराठीत मिळतात. त्या फेलूदाचा लहान चुलतभाऊ तोपशे सांगतो, त्यामुळं पोरांना त्याच्या बरोबरीनं तपास करता येतो. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या पोरांना खून-मारामारीच्या गोष्टी नकोत. त्यांच्यासाठी हरवलेली वस्तू, नाहीशी झालेली शेळी अशा गोष्टी तुम्हीच रचा. उंबऱ्याबाहेरच्या चपला बघून घरात कोण आलंय ते ओळखायला लावा. पुस्तक नसलं तरी तपास अडत नाही.

एक मात्र सांभाळा. याची परीक्षा करू नका. मार्क नाहीत, ओरडा नाही. कधीकधी तुम्हीही चुकीचं नाव टाका आणि "माझं चुकलं बाई" असं मोकळेपणानं म्हणा. आई चुकते आणि चूक दुरुस्त करते, हे पोरानं बघायला हवं. मी त्या सहलीच्या पैशांबद्दल लेकीपुढं तसंच म्हणाले. दोन वर्षं उशीर झाला, पण म्हणाले.

तर येत्या बैठकीला हप्त्याचा हिशेब झाला की अर्धा तास पोरांना बोलवा. एकानं गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या. आणि कोपऱ्यात शेंगा फोडणारी एखादी आजी असली, तर तिला पुढं बसवा. स्वयंपाकघरातली खूण तीच आधी ओळखेल.

येते मग. नमस्कार.