अवजार कुणाच्या घरचं?

(नाशिक आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला होता आणि आमच्याकडे कामाची घाई उडाली होती. अशा वेळी माझ्याकडे काम करणारा एक मुलगा टेबलासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘‘मॅडम, हे काम मी करतो, पण त्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून करणार नाही.’’ मुलगा सिन्नरचा, बोलायला कमी, कामाला वाघ. मला वाटलं, पगाराबद्दल काही म्हणायचं असेल. तसं काही नव्हतं.

आमचं सहा जणांचं छोटं ऑफिस आहे, शरणपूर रोडला. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसना आम्ही नोंदींची सॉफ्टवेअर करून देतो. कुठल्या बागेतला माल, कधी तोडला, कुठल्या पेटीत गेला, हे सगळं त्यात असतं. आता सॉफ्टवेअर लिहायचं तर सुताराला जसा रंधा आणि पटाशी लागते, तशी आम्हालाही अवजारं लागतात. लिहायला एडिटर लागतो, जुन्या-नव्या प्रती सांभाळायची व्यवस्था लागते, भाड्याचा सर्व्हर लागतो आणि हल्ली तर निम्मा कोड आपणहून सुचवणारा एआय मदतनीसही असतो. यातली बहुतेक अवजारं अमेरिकेतल्या चार-पाच कंपन्यांच्या घरची. त्यांतली एक कंपनी लोकांवर पाळत ठेवणाऱ्यांना आपली यंत्रं भाड्याने देते, असं त्याने वाचलं होतं. म्हणून त्याला तिचं काही नको होतं.

मी काय म्हणाले असेन? ‘‘अरे, तुझ्या खिशातला फोन कुणाचा आहे?’’ तो गप्प झाला आणि जागेवर जाऊन बसला. मला जिंकल्यासारखं वाटलं, पण ते संध्याकाळपर्यंतच टिकलं. कारण हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला देता येतं. सगळं सोडता येत नाही म्हणून काहीच सोडू नये, असा त्याचा अर्थ होतो.

बहिष्कार ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. इथून जवळच्या भगूरचे सावरकर फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. पण कापड आणि अवजार यांत फरक आहे. कापड जाळलं की संपलं, उद्या दुसरं घालता येतं. अवजार हाताला बसलेलं असतं आणि त्यातून पुढे कुणाची तरी भाकरी निघत असते.

हा फरक गांधीजींनाही अडला होता. १९२४ साली रामचंद्रन नावाच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याने त्यांना यंत्रांबद्दल प्रश्न विचारले होते. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी एका यंत्राला सूट दिली, ते म्हणजे सिंगरचं शिवणयंत्र. कंपनी अमेरिकन होती, पण ते यंत्र माणसाचे कष्ट वाचवतं आणि त्याला निकामी करत नाही, हे त्यांनी पाहिलं. विद्यार्थीही काही कमी नव्हता. त्याने विचारलं, मग सिंगर बनवायचा कारखाना लागेल, त्यात वाफेवर-विजेवर चालणारी यंत्रं येतील, त्याचं काय? गांधीजींनी ते मान्य केलं आणि असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत, असं उत्तर दिलं. म्हणजे एक सूट दिली की पुढचा प्रश्न लगेच दारात उभा. आमच्या आजीकडे सिंगर होतं आणि अंगावर जन्मभर खादी. तिला यात काही विसंगती वाटल्याचं मला आठवत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. लिनक्स नावाची संगणक प्रणाली जगभरचे प्रोग्रामर मिळून बनवतात आणि ती सगळ्यांना खुली आहे. २००२ पासून तिच्या प्रती सांभाळायला बिटकीपर नावाचं एक अवजार वापरलं जाई. ते एका खासगी कंपनीचं होतं, बंदिस्त होतं, पण या मंडळींना फुकट दिलेलं होतं. अनेकांना ते खटकलं. खुल्या कामाला बंदिस्त अवजार कशाला, म्हणून वादावादी झाली. लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं, की काम उत्तम होतंय ना, मग झालं! २००५ च्या एप्रिलमध्ये कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. कारण काय, तर बिटकीपर आतून कसं बोलतं, हे एकाने शोधून काढायचा प्रयत्न केला. एवढा मोठा प्रकल्प उघड्यावर आला. टोरवाल्ड्स हातातलं काम बाजूला ठेवून बसले आणि काही दिवसांत त्यांनी स्वतःचं अवजार उभं केलं. त्याचं नाव गिट. त्याच जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पडली. आज नाशिकपासून न्यूयॉर्कपर्यंत आम्ही सगळे गिटच वापरतो.

या गोष्टीचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात. नको म्हणणारे म्हणतात, बघा, आधीच सांगत होतो. वापरा म्हणणारे म्हणतात, तीन वर्षं उत्तम चाललं आणि वेळ आली तेव्हा नवं करता आलंच की. मला दिसतं ते एवढंच, की टोरवाल्ड्सना दुसरं अवजार घडवता येत होतं. माझ्या ऑफिसातल्या सहा जणांना ते येत नाही.

पळणाऱ्यांचीही कधी कधी गंमत होते. गिटच्या प्रती ठेवायची सर्वांत मोठी जागा म्हणजे गिटहब. मायक्रोसॉफ्ट ती साडेसात अब्ज डॉलरना विकत घेणार, ही बातमी जून २०१८ मध्ये आली आणि पुष्कळ लोक रागाने सामान उचलून गिटलॅबकडे गेले. गिटलॅब तेव्हा चालत होती मायक्रोसॉफ्टच्याच भाड्याच्या सर्व्हरवर! पुढे ऑगस्टमध्ये ती तिथून हलली, ती गूगलच्या सर्व्हरवर.

नकाराचा उपयोग होतच नाही, असंही नाही. २०१७ साली फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट या अवजाराच्या परवान्यात पेटंटबद्दलचं एक कलम होतं. अपाची फाउंडेशनने जुलैमध्ये आपल्या प्रकल्पांत ते चालणार नाही म्हणून सांगितलं. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या मुख्य माणसाने आपणही ते सोडतोय, असं जाहीर केलं. थोड्याच दिवसांत फेसबुकने परवाना बदलला. पण नकार कुणी दिला, हे महत्त्वाचं. वर्डप्रेसचा बाजारातला वाटा मोठा. शरणपूर रोडवरच्या सहा जणांनी नाही म्हटलं, तर त्या कंपनीच्या हिशेबात एक पैसा हलणार नाही. हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, त्यांनी बदलावं म्हणून नाही सांगत. माझा हात त्यात नको, एवढंच.’’ यावर वाद घालता येत नाही. शाकाहारी माणसाला आपण विचारतो का, तुझ्यामुळे किती बकरे वाचले?

माझी अडचण वेगळी होती. त्याच्या सद्सद्विवेकाचा खर्च कुणी भरायचा? पॅकहाउसवाल्याने? त्याची आधीच सगळीकडून कोंडी. बाग कुठली, फवारलं काय, सगळ्याचे कागद त्याने द्यायचे. २०१० साली आपल्याकडची द्राक्षं एका रसायनाच्या अंशामुळे युरोपात अडकली, तेव्हा घरं कशी बसली, ते या जिल्ह्याने पाहिलंय. त्याचं सॉफ्टवेअर हंगामात लटकलं तर आमची नीती त्याच्या काय कामाची?

आणि उलटंही होतं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर रशियन भागीदारीवरून निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग काही दिवसांत सेवा सुरू झाली. तिकडचे कायदे, तिकडची नीती आणि ईमेल बंद पडली इकडची. तेव्हा बाहेर पडायची वाट ठेवणं हे नुसतं मनाच्या समाधानाचं काम नाही, धंद्याचंही आहे.

या सगळ्या विचारात मला एक जुनी गोष्ट आठवली आणि तीच सांगायला मला जड जातंय. २०२१ साली आम्ही एका बाहेरगावच्या कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी मोबाइल अ‍ॅप केलं. कर्ज हवं असेल तर अ‍ॅपला फोनमधली नावं आणि नंबर वाचायची परवानगी द्यायची, अशी त्यात सोय होती. हप्ता चुकला की त्या नंबरांवर फोन जाणार, हे आम्हाला सांगितलेलं नव्हतं, पण न कळण्याइतके आम्ही लहान नव्हतो. मामाला फोन, शेजाऱ्याला फोन, मुलीच्या सासरी फोन. तो भाग याच मुलाने लिहिला होता. तपासला मी. पैसे वेळेवर आले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढले आणि कर्जाच्या अ‍ॅपनी फोनमधल्या नंबरांना हात लावू नये असं सांगितलं, तेव्हा ते काम सुटलं. आमच्या शहाणपणाने सुटलं नाही.

आणि ते अ‍ॅप आम्ही ज्या अवजारांनी बनवलं, ती सगळी खुली, फुकट, कुणाचंही नाव खराब नसलेली होती. एकही डागी अवजार त्यात नव्हतं.

मी मुलाला बोलावून हे बोलले. तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, ‘‘मला आठवतं ते. म्हणूनच वाचायला लागलो मी हे सगळं.’’ यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आम्ही चहा मागवला.

पुढे असं ठरलं. त्याने त्याचा भाग त्याच्या पसंतीच्या अवजारांनी लिहायचा. एआय मदतनीस न घेता त्याला नऊ दिवस जास्त लागले. ते मी बिलात लावले नाहीत आणि त्याच्या पगारातूनही कापले नाहीत. बाकीच्यांवर कसलीही सक्ती नाही. त्यांतल्या एकीने तोंड वाकडं केलं, कारण त्या नऊ दिवसांतलं थोडं काम तिच्या अंगावर पडलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि नवीन काम घेताना, हे नेमकं कुणावर चालणार आहे, हा प्रश्न गिऱ्हाइकाला मी स्वतः विचारते. एक काम त्यामुळे हातचं गेलं.

सर्व्हर मात्र अजून त्याच कंपनीचा आहे. ऐन हंगामात तो हलवणं मला जमणार नव्हतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. हंगाम उरकला की हलवू, असं कबूल केलंय. दोन ठिकाणांहून भाव मागवलेत, एक पुण्याचं, एक मुंबईचं. त्या दोघांना विचारायच्या प्रश्नांची यादी मुलाने माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. अकरा प्रश्न आहेत. महिन्याचं भाडं किती, हा त्यात नव्हता. बारावा म्हणून तो मी घातला.